पाटी न लागणारा खर्च

मी सचिव झाले ती चहाचं बघायला उठले म्हणून. खरंच सांगते. 2024 चा पाडवा मंगळवारी होता, त्याच्या पुढच्या रविवारी इंदूरला आमच्या शाळेच्या हॉलमध्ये माजी विद्यार्थी संघाची वार्षिक सभा, पंखे दोनच चालू, माणसं वीस-बावीस, कोरम नाही म्हणून अर्धा तास सभा तहकूब केली आणि अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर त्याच माणसांनी परत सुरू केली. सचिवपदाला कोणी नाव देईना. मी म्हटलं तोवर चहाचं बघून येते, आणि परत येते तो अध्यक्ष काका टाळ्या वाजवत होते. "अभिनंदन ताई, बिनविरोध!" हातातला ट्रे खाली ठेवायच्या आत माझं नाव प्रोसिडिंगमध्ये गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी जुने सचिव स्कूटरवर एक रेक्झिनची बॅग घेऊन घरी आले, चहासुद्धा घेतला नाही, बॅग टेकवली आणि गेले, चेहऱ्यावर अशी सुटका की मुलीचं लग्न पार पडल्यावर बापाच्या तोंडावर दिसते तशी. आत काय, तर प्रोसिडिंग बुक, तीन पावती पुस्तकं (दोन अर्धवट, एक कोरं), संघाचं पॅनकार्ड, रबरी शिक्का ज्यातला ‘विद्यार्थी’चा रफार झिजून गेलाय, आणि लॅमिनेट केलेलं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट. आणि एक नारळ. का ते आजवर कळलेलं नाही.

ज्यांना वाटतं की माजी विद्यार्थी संघ म्हणजे वर्षातून एकदा भेटायचं, जेवायचं, फोटो काढायचे, त्यांच्यासाठी सांगते. मलाही तसंच वाटायचं. पण आपला संघ मध्य प्रदेशच्या 1973 च्या सोसायटी कायद्याखाली रजिस्टर आहे, म्हणजे सात माणसं मिळून संस्था काढता येते हे खरं पण काढल्यावर ती दरवर्षी जिवंत असल्याचं कळवावं लागतं. कलम 27 ची माहिती म्हणजे नवी कार्यकारिणी कोण, आणि कलम 28 म्हणजे ऑडिट झालेले हिशोब. इकडे सगळे नुसतं "सत्तावीस-अठ्ठावीस भरलं का" असंच विचारतात. नव्हतं भरलं. तीन वर्षांचं. दोष कोणाचा, तर आमचाच, मागच्या कार्यकारिणीला वाटलं सीए भरेल, सीएला वाटलं हे लोक पाठवतील. एप्रिल-मे माझा त्यातच गेला, जुने व्हाउचर जुळवत, आणि एका वर्षीचं मंडपाचं बिल जे सापडेना ते शेवटी नारळाच्या खाली बॅगेच्या अस्तरात सापडलं. मग बँक. सह्या बदलायच्या म्हणजे ठराव, ठरावाची नक्कल, तिघांचं केवायसी, आणि तिघांनी एकाच वेळी ब्रँचमध्ये हजर राहायचं. अध्यक्ष काकांचे गुडघे, खजिनदारांचं दुकान आणि माझी नातवंडं या तिघांची सवड एका दिवशी यायला पाच आठवडे लागले.

पण खरं काम निघालं ते सभासद यादीचं. यादी होती दोनशेच्या वर नावांची, त्यात कितीतरी मोबाईल नंबर बंद, काही माणसं गेलेली, आणि बायका? मी मोजल्या. अकरा. आमची शाळा पहिल्यापासून मुला-मुलींची एकत्र, माझ्या वर्गात मुली जास्तच होत्या थोड्या, मग यादीत अकराच कशा? अध्यक्ष काकांना विचारलं तर ते म्हणाले, "अगं लग्न होऊन गेल्या ना सगळ्या, कुठे शोधणार." जणू काही आम्ही चंद्रावर गेलो. मी स्वतः लग्न होऊन रामबागेतून सुदामा नगरला गेले, सिटी बसने अर्धा तास.

मेमध्ये शाळेला सुट्टी पण ऑफिस सकाळी उघडं असतं. मोठ्या मॅडमची, म्हणजे मुख्याध्यापिकांची, परवानगी काढली आणि दाखिल-खारिज रजिस्टरं घेऊन बसले. ज्यांनी बघितलं नसेल त्यांना सांगते, भलं मोठं, दोन्ही हातांनी उचलावं लागतं असं, कापडी पुठ्ठा, आणि आतला कागद कडेने बिस्किटासारखा झालेला, पान उलटलं की कोपरा बोटात येतो. प्रत्येक ओळीत स्कॉलर नंबर, नाव, वडिलांचं नाव, धंदा, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, कधी आले, कधी टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) घेतली, का घेतली. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, ऑफिसात कूलर त्यात पाणी नाही, मी घरून दोन बाटल्या आणि ओला नॅपकिन घेऊन जायचे.

वडिलांचा धंदा हा रकाना मला सोडवेना. शिक्षक, रेल्वे, पोस्ट, वकील, "भिक्षुकी", "होळकर स्टेट पेन्शनर", आणि किती तरी ओळींत नुसतं "मिल". इंदूरात मिल म्हटलं की कापडाची, हे कळायचं. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या नावापुढेही मिल होतं, तिचे वडील हुकुमचंद मिलमध्ये. ती मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचा चेक निघाला 2023 च्या डिसेंबरात, म्हणजे बत्तीस वर्षांनी. तिचे बाबा तोवर राहिले नव्हते. तरी अनंत चतुर्दशीला बंद मिलांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, अजून निघतात रात्रभर, आणि ती दरवर्षी बघायला जाते, आता मुलीला घेऊन जाते. हे विषयाला सोडून झालं पण त्या रकान्यामुळेच मला ती सापडली, कारण तिथे पत्ताही होता आणि त्या चाळीत तिची वहिनी अजून राहते. वहिनीकडून नंबर मिळाला. फोन केला तर पलीकडून आधी "कौन?" आणि मी माझं माहेरचं नाव सांगितल्यावर पाच सेकंद काही नाही आणि मग अशी किंचाळली की माझ्या सुनेने स्वयंपाकघरातून येऊन विचारलं काय झालं.

तीच किल्ली होती, माहेरचं नाव. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सासरच्या नावाने टाकलेली बाई कोणाला ओळखू येत नाही म्हणून कोणी तिला अ‍ॅड करत नाही, आणि कोणी अ‍ॅड करत नाही म्हणून ती कुठे आहे ते कळत नाही. मी रजिस्टरातली माहेरची नावं वर्षवार लिहून काढली आणि एक-एक जणीला म्हटलं तुझ्या वर्गातल्या दोघी शोधून दे. एकीने दोघी, त्या दोघींनी चौघी. टिळक नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर तर झालंच, देवास, उज्जैन, भोपाळ, पुणे, ठाणे, एक जण कॅनडात. पावसाळा संपेपर्यंत आमच्या यादीत नव्वदच्या वर बायका झाल्या. खजिनदार म्हणाले, "ताई, तुम्ही काय करून राहिल्या आहात? इतक्या पावत्या कोण फाडेल?" (आमचं मराठी ऐकून पुण्याचे लोक हसतात, हसू देत.)

आता गेट. कार्यकारिणीत वर्षभर खरा जोर होता तो गेटवर. 31 मे 2025 ला अहिल्याबाईंच्या जन्माला 300 वर्षं पूर्ण होणार, तेव्हा शाळेला माजी विद्यार्थ्यांतर्फे ‘अहिल्या त्रिशताब्दी स्वागतद्वार’ द्यायचं अशी मंडळींची इच्छा, आणि वाईट इच्छा नव्हे. आमच्यातलेच एक रिटायर्ड इंजिनियर दादा, त्यांनी ड्रॉइंग काढलं, कमान, वर कळस, दोन्ही बाजूंना काळ्या ग्रॅनाइटवर देणगीदारांची नावं, पंचवीस हजारांच्या वर मोठ्या अक्षरात, खाली लहान अक्षरात. कोटेशन साडेसात लाख. जुलैच्या मीटिंगमध्ये अक्षरांच्या साइझवर पाऊण तास चर्चा झाली, मी मिनिट्स लिहीत होते म्हणून माहिती आहे.

त्याच आठवड्यात मी रजिस्टर परत करायला शाळेत गेले, आता शाळा सुरू झालेली, मधली सुट्टी. मला जायचं होतं म्हणून मुलींच्या बाथरूमकडे गेले. तीन दारं. एकाला कडी नाही, जिथे कडी असायची तिथे चार भोकं आणि एका भोकातून सुतळी ओवून आतल्या खिळ्याला गुंडाळायची सोय. दुसऱ्याला कडी आहे पण कोयंडा वाकडा. तिसरं बंदच, आत तुटकी बाकं. आणि बाहेर एक मुलगी, सातवी-आठवीतली असेल, दाराला पाठ लावून उभी, दोन्ही हात मागे, दार धरून. आत तिची मैत्रीण. मला बघून म्हणाली, "आंटी, रुकना, अभी कोई है." आतून आवाज आला, "जाना मत हां!" मग दोघींनी जागा बदलली. मला म्हणाली, "आपका भी पकड़ लूँ?"

मी साठीची बाई, आणि आठवीतल्या मुलीने माझं दार धरलं.

मोठ्या मॅडमशी बोलले. त्या म्हणाल्या, "कडी काय, मी वर्षातून तीन वेळा लावते. खरी अडचण माणसाची आहे. साफसफाईला बाई नाही, शिपाई एकच आणि तो पुरुष, तो सकाळी शाळा भरायच्या आधी एकदा पाणी मारतो. दुपारपर्यंत काय होतं तुम्ही बघितलंच. मोठ्या मुली घरून निघाल्यापासून पाणी पीत नाहीत." फी आमच्या शाळेची अगदी कमी, शिक्षकांचे पगारच कसेबसे निघतात, हे मला हिशोब बघून माहीत होतंच. मी विचारलं एक मावशी ठेवली तर काय लागेल, त्या म्हणाल्या सकाळ-दुपार मिळून चार तास, महिना सहा हजार.

आणि शहर कुठलं? जे तेव्हापर्यंत सलग सात वेळा देशात स्वच्छतेत पहिलं आलेलं!

ऑगस्टच्या मीटिंगमध्ये मी हा विषय अजेंड्यावर घातला, ‘इतर’मध्ये नाही, दोन नंबरला. एकदम शांतता. मग एक जण म्हणाले संडास-बाथरूम हा मॅनेजमेंटचा विषय आहे, माजी विद्यार्थी संघाचा नाही. दुसरे म्हणाले आपण नवीन बाथरूम ब्लॉकच बांधून देऊ की, टाइल्स लावून, आणि बाहेर पाटी. मी म्हटलं ब्लॉक नको आहे, भिंती आहेत, नळ आहे, माणूस हवंय, दर महिन्याला. "दर महिन्याला म्हणजे किती वर्षं?" "म्हणजे कायम." तिथे सगळं अडलं. एकदा द्यायचं असेल तर आपले लोक मन मोठं करतात, मी खोटं बोलणार नाही, तिथल्या तिथे एक लाख लिहून देणारे आहेत. पण मावशीच्या पगारावर ग्रॅनाइट लागत नाही. अध्यक्ष काका बिचारे मध्ये सापडलेले, म्हणाले, "ताई, आधी गेट होऊन जाऊ दे, मग बघू."

गेट झालं नाही, आणि ते माझ्यामुळे झालं नाही असं अजून काही जणांना वाटतं म्हणून हे नीट लिहिते. गेटसाठी पाच लाख एकटे देणार होते ते न्यू जर्सीतले एक दादा, आमच्या पुढच्या बॅचचे. पैसे ट्रान्सफर करायच्या आधी मी आपलं सहज सीएला विचारलं. तो म्हणाला त्यांचा पासपोर्ट कुठला? अमेरिकन. ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. मग नाही चालणार, कारण अमेरिकन नागरिकाचे पैसे म्हणजे विदेशी देणगी, 2010 चा एफसीआरए कायदा लागू होतो, त्याचं रजिस्ट्रेशन हवं, आणि ते मिळायला संस्थेने तीन वर्षांत निदान पंधरा लाख कामावर खर्च केलेले पाहिजेत, शिवाय खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमध्येच. आमचा वर्षाचा खर्च लाखभर. दुबईतल्या भाऊंचा पासपोर्ट भारतीय, ते नेहमीच्या बँकेतून पाठवतात, त्यांचे चालतात. हे मी न्यू जर्सीच्या दादांना फोनवर सांगितलं तेव्हा रात्रीचे साडेदहा, तिकडे दुपार. ते खूप दुखावले. "म्हणजे मी इंदूरचा नाही का आता?" यावर काय बोलणार. मी म्हटलं दादा तुम्ही इंदूरचेच, पैसे अमेरिकेचे आहेत. हसले नाहीत. भावाच्या खात्यातून फिरवून देतो म्हणाले, सीए म्हणाला अजिबात नाही. पाच लाख गेले, गेटही गेलं, आणि इंजिनियर दादा माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. ड्रॉइंग मात्र खरंच सुंदर होतं.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी स्नेहसंमेलन. तारीख तीच ठेवावी लागते, पुण्याची आणि परदेशची मंडळी तेव्हाच येतात. त्याबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांची संमेलनं सारखीच. मेनूवर भांडण झालं, श्रीखंड-पुरी का दाल-बाफले (कणकेचे उकडून भाजलेले गोळे, वरणाबरोबर), शेवटी दाल-बाफले, कारण श्रीखंड पुण्यातही मिळतं. सकाळी पोहे-जलेबी आणि संध्याकाळी गराडू, म्हणजे तळलेला कंद, वर जिरावण मसाला आणि लिंबू. केटररला दोनशे माणसं सांगितली असताना त्याने दीडशेचे बाफले आणले, शेवटच्या पंगतीला मी स्वतः पोळ्या मागवल्या बाहेरून. आमच्या सगळ्यात ज्येष्ठ काकांना, चौऱ्याऐंशी वय, बोलायला पाच मिनिटं दिली होती, ते चाळीस मिनिटं बोलले, वडिलांच्या खांद्यावर बसून यशवंत क्लबच्या मैदानावर होळकर टीमची मॅच बघितली, सी. के. नायडू, मुश्ताक अली, होळकरांनी चार वेळा रणजी जिंकली, हे सगळं, आणि कोणी चिठ्ठी पाठवायचं धाडस केलं नाही. मला आवडलं. गाण्याचा प्रोग्राम कापावा लागला, ते ज्यांना गायचं होतं त्यांना नाही आवडलं.

पण त्या दिवशी पहिल्यांदा हॉलमध्ये डावीकडचा भाग बायकांनी भरलेला होता. बॅजवर मी मुद्दाम माहेरचं नाव मोठं आणि सासरचं खाली लहान छापून घेतलं होतं, खजुरी बाजारातल्या प्रेसवाल्याने दोनदा फोन करून विचारलं उलटं तर नाही झालं ना म्हणून. जेवणानंतर मी त्यांना घेऊन मागे गेले. काही म्हटलं नाही, नुसतं बाथरूम दाखवलं. सुतळी अजून तशीच. माझी ती मिलवाली मैत्रीण दाराकडे बघून म्हणाली, "आपण पण धरायचो ना गं." मी विसरून गेले होते. खरंच धरायचो.

हिशोब तिथेच, नळापाशी उभ्या उभ्या झाला. तीस जणींनी महिना दोनशे. खजिनदार ऐकून म्हणाले वर्षाचे चोवीसशे एकदम द्या ना, मला 360 पावत्या फाडायला लावू नका. त्यावर एक जण जे बोलली ते मी डायरीत लिहून ठेवलंय, "दादा, दोनशे माझे मी देते, चोवीसशे म्हटलं की घरी सांगावं लागतं." पुढे कोणी काही बोललं नाही. खजिनदारांनी महिन्याच्या शेवटी एकत्र पावती देण्याचं कबूल केलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या बायकोचं नावही आणून दिलं, ती आमच्या शाळेची नाहीसुद्धा.

जानेवारीपासून मावशी लागल्या. पैसे जिला जमतं तिने नेटबँकिंगमध्ये दर पाच तारखेचं लावून टाकलं, बाकीच्या यूपीआयने पाठवतात, आणि चार जणींना दर महिन्याला आठवण करावी लागते, त्या चौघी नेहमी त्याच. फेब्रुवारीत छत्तीसशेच आले, माझ्या पोटात गोळा, मग कळलं लग्नसराई. कड्या मी स्वतः सियागंजातून आणल्या, पितळी नाही, लोखंडी जाड, आणि सुताराला सांगितलं स्क्रू नको, आरपार नटबोल्ट मार. इंजिनियर दादा उभे राहून लेव्हल बघत होते. बोलायला लागले होते एव्हाना.

मार्चअखेर परत तीच गंमत. ज्यांनी संमेलनाला पाच-पाच हजार दिले त्यांना 80जी चं, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचं, सर्टिफिकेट हवं, पण पॅन नंबर मागितला तर "कशाला गं ताई पॅन-बिन". अहो नुसत्या पावतीवर भागत नव्हतं, आम्हाला 31 मे 2025 पर्यंत 10बीडी, म्हणजे देणगीदारांच्या यादीचा फॉर्म, भरायचा होता, त्यात प्रत्येकाचा पॅन टाकायचा, तेव्हा कुठे पोर्टलवरून सर्टिफिकेट निघणार. आणि दोन हजारांच्या वर कॅश दिली असेल तर सूट मिळतच नाही, हे सांगितल्यावर एकाने मला विचारलं की मग तारीख मागची टाकून चेक चालेल का. नाही चालत.

यंदाची सभा पाडव्यानंतर झाली. कोरम होता, तहकूब करावी लागली नाही. सचिवपदाचा विषय आला तेव्हा मी जागची हलले नाही, चहाला दुसऱ्याला पाठवलं, तरी परत माझंच नाव.

परवा सकाळी सात वाजता मावशींचा फोन. "दीदी, फिनाइल खतम हो गई." सहा हजारांत पगार बसतो, फिनाइल कोणी धरलंच नव्हतं. मी खजिनदारांना फोन लावला, म्हटलं फिनाइल कुठल्या हेडखाली टाकू. ते म्हणाले आकस्मिकमध्ये टाका. मी म्हटलं दादा, दर महिन्याला आकस्मिक? ते म्हणाले बरं, थांबा, चहा पिऊन सांगतो.